बेळगाव जिल्हा पंचायत: सभागृहात कोण बसते, निवडणूक का अडली आणि तयारी कुठून करायची

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. तो नोकरीला कोल्हापुरात असतो आणि गावाकडे घरच्यांनी वहिनीला जिल्हा पंचायतीला उभे करायचे मनावर घेतले आहे. त्याने विचारलेले असे: सभागृहात एकूण कोण कोण असते? आमदार-खासदारही सदस्य असतात हे खरे का? अध्यक्ष कोण निवडतो? २०१६ नंतर निवडणूक का झाली नाही? आणि ती कधी तरी लागणारच असेल, तर आत्ता काय करून ठेवावे?

पंचायतीच्या निवडणुकांचे कागद करणे, हरकती लिहिणे, छाननीच्या दिवशी उमेदवाराच्या शेजारी उभे राहणे ही माझ्या वकिलीतली नेहमीची कामे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे. तिथेच आपल्या भागातले लोक मार खातात.

आधी कोल्हापूरचे डोक्यातून काढा. आपण सीमाभागातली माणसे बातम्या तिकडच्या वाचतो आणि कायदा मात्र इकडचा लागतो. तिकडे जिल्हा परिषद, गट, गण, पंचायत समिती. इकडे जिल्हा पंचायत, तालुका पंचायत, ग्रामपंचायत, आणि तिन्हींना १९९३ चा कर्नाटक पंचायत राज कायदा. तिकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले की उमेदवारी जाते, इकडे तशी अट नाही. तिकडे सरपंच थेट लोकांतून होतो, इकडे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्यच निवडतात. तिकडे आमदार जिल्हा परिषदेचा सदस्य नसतो, इकडे असतो. 'दोन मुलांच्या वर असतील तर जमणार नाही' असे चावडीवर कोणी ठासून सांगितले म्हणून घरी बसलेली चांगली माणसे मी पाहिली आहेत. कोणाला तरी विचारले असते तर अर्ज भरला असता.

आता सभागृह. मुख्य सदस्य थेट निवडून आलेले, एका मतदारसंघातून एक. १९९३ च्या मूळ कायद्यातले माप ४०,००० लोकसंख्येमागे एक सदस्य असे होते. उत्तर कन्नडला ३०,००० आणि कोडगूला १८,००० अशी सवलत होती. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजारांवर होती. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश ग्रामीण, म्हणजे साडेपस्तीस लाखांच्या आसपास. तिला ४०,००० ने भागून पाहा, २०१६ ला ९० जागा कुठून आल्या ते कळेल. बेळगाव महापालिका, कॅन्टोन्मेंट, नगरपालिका आणि पट्टण पंचायती (लहान शहरांच्या) यात नाहीत. म्हणूनच मोठ्या गावाला पट्टण पंचायतीचा दर्जा मिळाला की फटाके वाजतात, पण त्याच दिवशी ते गाव जिल्हा पंचायतीच्या मतदार यादीतून बाहेर पडते, हे कोणी सांगत नाही. मग उरलेली लहान गावे दुसऱ्या कुठल्या तरी मतदारसंघाला जोडली जातात.

निवडून आलेल्यांबरोबर आणखी तीन प्रकारची माणसे सदस्य असतात. जिल्ह्यातले आमदार आणि लोकसभेचे खासदार. जिल्ह्यात मतदार म्हणून नाव असलेले विधान परिषद आणि राज्यसभेचे सदस्य. आणि सगळ्या तालुका पंचायतींचे अध्यक्ष. आपल्याकडे आमदारच अठरा आहेत. खासदार मात्र दोन नव्हेत, तीन. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन लक्षात असतात, पण खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत येतात, म्हणून कारवारकडचा खासदारही बेळगाव जिल्हा पंचायतीचा सदस्य ठरतो. कणकुंबी-जांबोटीच्या माणसाने या खासदाराला जिल्हा पंचायतीच्या बैठकीत पाहिले आहे का, हा प्रश्न वेगळा.

हे सगळे बैठकीत बोलू शकतात, ठरावावर मत देऊ शकतात. पण अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडताना मत फक्त थेट निवडून आलेल्या सदस्यांचे आणि उमेदवारही त्यांच्यातूनच. २०१६ चा निकाल यासाठी मुद्दाम आठवा: ९० पैकी काँग्रेस ४३, भाजप ३९ आणि उरलेले ८ इतर. बहुमताला ४६ लागत होते, आणि ते कोणाकडेच नव्हते. महाराष्ट्र एकीकरण समिती असो की अपक्ष, आठ जणांची मोट घट्ट असती तर तिने काय काय मागून घेतले असते याचा विचार करा. अध्यक्षपदच मागायचे असे नाही. शिक्षण आणि आरोग्य स्थायी समिती मिळाली असती तरी मराठी शाळांच्या रिकाम्या जागा दर बैठकीत कागदावर आल्या असत्या.

स्थायी समित्या पाच असतात: सर्वसाधारण, वित्त-लेखापरीक्षण-नियोजन, सामाजिक न्याय, शिक्षण-आरोग्य आणि कृषी-उद्योग. एकेका समितीत जास्तीत जास्त सात जण. सर्वसाधारण समिती उपाध्यक्षाकडे आणि वित्त समिती अध्यक्षाकडे असते. नव्या सदस्याला वाटते खरी लढाई महासभेत आहे. तिथे भाषण होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. शाळेची खोली, प्राथमिक आरोग्य केंद्राची औषधे, अंगणवाडीची दुरुस्ती यांची यादी मात्र समितीच्या टेबलावर बनते. वहिनी निवडून आल्या तर पहिल्या महिन्यात हट्ट धरावा तो समितीसाठी.

अध्यक्षपदाच्या मुदतीबद्दल गोंधळ आहे, तोही सोडवू. सुरुवातीला हे पद वीस महिन्यांचे होते, म्हणजे एका सभागृहात तीन अध्यक्ष. खुर्ची गरम व्हायच्या आत माणूस उठायचा आणि पुढच्याची बोलणी सुरू व्हायची. नंतर कायदा बदलून ती पाच वर्षांची केली, म्हणून २०१६ ला अध्यक्ष झालेल्या आशा ऐहोळे पूर्ण मुदत राहिल्या. हे पद कोणत्या प्रवर्गाला हे राज्य सरकार साऱ्या जिल्ह्यांचा एकत्र तक्ता करून ठरवते. त्यामुळे आपल्या मतदारसंघाचे आरक्षण आणि अध्यक्षपदाचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही जुळले तरच अध्यक्षपदाचे स्वप्न पाहावे.

हे सभागृह काही आभाळातून पडलेले नाही. १९५६ पूर्वी, आपण मुंबई राज्यात असताना, जिल्हा लोकल बोर्ड होते. म्हैसूर राज्यात आल्यावर तालुका बोर्डे आली आणि जिल्ह्याला फक्त सल्ला देणारे विकास मंडळ उरले. पुढे रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि अब्दुल नझीर साब पंचायत मंत्री असताना १९८३ चा कायदा झाला, त्याखाली जानेवारी १९८७ ला निवडणुका झाल्या आणि महिलांना २५ टक्के जागा मिळाल्या. देशात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्यानंतर, २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. १९८३ च्या कायद्यात इकडेही नाव जिल्हा परिषदच होते आणि तिच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता. आज सदस्यच तालुक्याच्या इंजिनियरला तीन-तीनदा फोन लावतात, हे पाहिले की उतार किती झाला ते कळते.

आता निवडणूक का नाही. शेवटची फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात मुदत संपली. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ई स्पष्ट सांगतो: पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात हेच ठणकावले होते. तरी काय झाले? २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने मतदारसंघ आखले, आरक्षणाचा मसुदा जाहीर केला, लोकांनी हरकती दिल्या. त्याच वर्षी सरकारने कायदा दुरुस्त केला, मतदारसंघ आखायचे काम आयोगाच्या हातून काढले आणि वेगळ्या सीमा निर्धारण आयोगाकडे दिले. सगळे मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

त्यातच मागासवर्गीय आरक्षणाची तिहेरी कसोटी आली. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतंत्र आयोग नेमा, स्थानिक संस्थानिहाय आकडे गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्या राज्याने निवृत्त न्यायमूर्ती भक्तवत्सल यांचा आयोग नेमला, त्याने २०२२ मध्ये एक तृतीयांश आरक्षणाची शिफारस केली. म्हणजे तीही सबब संपली. मे २०२२ ला मध्य प्रदेशच्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले होते की सीमा निर्धारण किंवा आरक्षण राहिले म्हणून निवडणूक थांबवता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने दिरंगाईबद्दल राज्य सरकारला ५ लाखांचा दंड केला. दंड भरून तारखा वाढतात, एवढेच त्यातून दिसले.

माझे मत विचाराल तर घाई कोणालाच नाही. सभागृह नसले की प्रशासक असतो, सीईओ असतात आणि पालकमंत्र्यांची केडीपी, म्हणजे विकासकामांच्या आढाव्याची, मीटिंग असते. तिथे आमदार बसतो. मधला सदस्य नसला की गावातल्या कामाचे श्रेय वाटून घ्यावे लागत नाही. भाजप, काँग्रेस, कोणाचेही सरकार असो, या एका बाबतीत सगळे आमदार एका पंगतीला बसतात. डिसेंबर २०२१ ला विधान परिषदेच्या बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघाची निवडणूक झाली, तेव्हा जिल्हा आणि तालुका पंचायतींचे मतदारच नव्हते. ग्रामपंचायत आणि शहरी संस्थांच्या सदस्यांवर दोन आमदार निवडून गेले.

आता तयारी.

जिल्हा पंचायतीची निवडणूक मतदानाच्या दिवशी जेवढी ठरते त्याहून जास्त ती तीन कागदांवर ठरते: मतदारसंघाची आखणी, आरक्षणाची यादी, मतदार यादी. तिन्हींचा मसुदा निघतो, तिन्हींना हरकतीची मुदत असते आणि ती मोजक्या दिवसांची असते. आपल्याकडे मेळावे होतात, हुतात्मा दिनाला गर्दी होते, पण तालुका कार्यालयाच्या फलकावर मसुदा लागला त्या आठवड्यात तिथे गेलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी. अंतिम अधिसूचना निघाल्यावर मात्र अनुच्छेद २४३-ओ आडवा येतो: मतदारसंघाच्या आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. मग माझ्याकडे येऊन 'वकीलसाहेब, स्टे आणा' म्हणण्यात अर्थ नसतो.

आखणीचे नियम साधे आहेत. प्रत्येक तालुक्याला लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात, तालुक्याची हद्द ओलांडली जात नाही आणि मतदारसंघांची लोकसंख्या होता होईल तो सारखी ठेवायची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आकडे अजून २०११ चेच. खानापूर तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे मूळ मापाने साधारण सहा जागा. पण तालुका प्रचंड पसरलेला. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, भीमगड अभयारण्यातल्या वस्त्या, तिथे चाळीस हजार माणसे जमवायला डझनावारी गावे घ्यावी लागतात. बेळगाव शहराला लागून मात्र येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा अशी मोठी गावे तीन-चार एकत्र आली की मतदारसंघ भरतो. तिथला उमेदवार संध्याकाळी स्कूटरवरून प्रचार उरकतो. पश्चिम खानापूरच्या बाईला पावसाळ्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला दिवस लागतो. वहिनींसाठी गाडीचा खर्च आधी धरा.

हरकत लिहिताना एक चूक बहुतेक जण करतात: 'मराठी गावे कन्नड भागाला जोडून आमचे बळ कमी केले' असे लिहितात. ते खरे असेलही. बिडी, इटगी, कक्केरीच्या कन्नड बाजूला मराठी गाव ढकलले तर काय होते हे मी सांगायला नको. पण भाषा हा आखणीचा निकष नाही, म्हणून अर्ज एका ओळीत निकाली निघतो. त्याऐवजी लिहा की अमुक ग्रामपंचायत भौगोलिकदृष्ट्या सलग नाही, मध्ये नदी आहे, थेट रस्ता नाही, एका मतदारसंघात लोकसंख्या इतकी आणि शेजारच्यात इतकी. जनगणनेचे आकडे जोडा, नकाशा जोडा, दोन ग्रामपंचायतींचे ठराव जोडा. परिणाम तोच मिळतो, पण कायद्याच्या दारातून.

अर्ज कोणत्या भाषेत, यावर आपल्यात भांडणे होतात. अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, तेव्हा मराठी अर्ज नाकारता येत नाही. मी दोन प्रती देतो: मराठी, आणि तिच्यासोबत कन्नड. मराठी हक्कासाठी, कन्नड वाचणाऱ्या कारकुनासाठी. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही. हरकतीला पाच-सात दिवस असताना भाषांतराच्या नावाखाली फाइल खाली सरकू द्यायची नाही, एवढाच माझा हिशेब. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. राजपत्र कन्नडमध्येच येते, तेव्हा घरात कन्नड शाळेत शिकलेले एखादे पोर असेल तर त्याला शेजारी बसवून 'मीसलाती'चा रकाना वाचून घ्या. आरक्षण तिथे लिहिलेले असते.

आरक्षणाबद्दल थोडक्यात. निम्म्या जागा महिलांना. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात. मागासवर्गाचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग, त्यांच्या वाट्यातले ८० टक्के 'अ'ला, २० टक्के 'ब'ला. जागा फिरत्या. 'मागच्या वेळी सामान्य होते, म्हणजे आता महिला' हे गणित चौकात चालते, पण आखणीच बदलली की मागचा मतदारसंघच उरत नाही आणि फेरा नव्याने लागतो. म्हणून आरक्षण जाहीर होईपर्यंत एकाच नावावर खर्च करू नका. उलट आरक्षण नसले तरी महिलेला सामान्य जागेवर उभे राहता येते, हे पुष्कळांच्या डोक्यातच नसते.

पक्षाचा मुद्दा. ग्रामपंचायत पक्षाविना, तालुका आणि जिल्हा पंचायत पक्षचिन्हावर. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून लढतात, चिन्ह माघारीनंतर हातात पडते आणि प्रचाराला दिवस उरतात थोडे. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, खानापूर आणि बेळगाव दक्षिण. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. जिल्ह्यात मराठी भाषिक साधारण अठरा-एकोणीस टक्के आहेत, पण ते बेळगाव, खानापूर, निपाणी अशा पट्ट्यांत एकवटलेले, म्हणून जिल्हा पंचायतीत विधानसभेपेक्षा जास्त वाव आहे. अट एकच, एका मतदारसंघात समितीच्या नावाने दोन अर्ज राहू नयेत. दोन गट आपापले पत्र घेऊन येतात तेव्हा समेट माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत करायचा नसतो, अर्ज भरायच्या आधीच करायचा असतो. वहिनी कोणत्या बाजूने उभ्या राहणार हे मला विचारू नका, ते घरात ठरवा. लवकर ठरवा.

आता वहिनींचे स्वतःचे कागद, कारण सीमाभागातल्या सुनांचे अर्ज इथेच अडतात. वय २१ पूर्ण हवे आणि जिल्हा पंचायतीच्या मतदार यादीत नाव हवे. माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलचे असेल तर नाव बहुधा अजून तिकडेच असते. ते इकडे आणायला फॉर्म ८ भरायचा, नवीन नोंदणीचा फॉर्म ६ नव्हे. दोन्हीकडे नाव राहिले तर छाननीला विरोधक तेच दाखवतील. लग्नानंतरचे आडनाव, आधार, मतदार ओळखपत्र आणि शाळेचा दाखला यांतला फरक आत्ताच मिटवा.

राखीव जागा लढवायची असेल तर जातीचा दाखला हा सगळ्यात मोठा खड्डा. जात जन्माने, नवऱ्याकडून येत नाही. आणि दुसऱ्या राज्याने दिलेला दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. माहेर महाराष्ट्रातले असेल आणि हातात तिकडचा कुणबी किंवा इतर मागासवर्गीय दाखला असेल, तर त्यावर विसंबून राखीव जागेचा अर्ज भरू नका. अशा वेळी सामान्य महिला किंवा सामान्य जागाच धरावी. माहेर कर्नाटकातलेच असेल तर वडिलांच्या कागदांवरून तहसीलदार कार्यालयात अर्ज आत्ताच टाका, निवडणूक लागल्यावर तिथे रांग लागते.

आणखी एक, तुमच्या भावाबद्दल, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याबद्दल. तुमच्या प्रश्नात तो पाण्याच्या पाइपलाइनची कामे घेतो असे आहे. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असणे ही अपात्रता आहे. ती उमेदवाराची पाहिली जाते, नवऱ्याची आपोआप नाही, पण कंत्राट वहिनींच्या नावावरच्या फर्मचे असेल किंवा त्या भागीदार असतील तर अर्ज जाईल. अशी नावे काढायची असतील तर अर्जाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिने आधी काढा, आणि भागीदारी मोडल्याचा नोंदणीकृत कागद जवळ ठेवा. त्या कागदाची आणि जुन्या बिलांची एक झेरॉक्स मला पाठवा, ती पाहिल्याशिवाय पुढचे नक्की सांगता येणार नाही.